पानाची शेवटची ओळ

समुद्रकाठच्या एका शहरात एकदा एक वृद्ध वादक विद्यापीठात डबल बास शिकवीत असत. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, खर्जात बोलणारे तंतुवाद्य. शहराच्या वाद्यवृंदातही ते वाजवीत. एका वर्षी त्यांची विद्यार्थिनी शाल्मली वृंदात आली आणि त्यांच्या शेजारी, आतल्या बाजूला बसू लागली. तिथला रिवाज असा, की दोघांपुढे स्वरलिपीची एकच प्रत असते. पान संपत आले की आत बसणाऱ्याने वाजवणे थांबवून ते उलटायचे. बाहेरचा वाजवत राहतो.

शाल्मलीला हे बोचे. त्यात सेलो वाजवणारा मित्र चिडवी, "तुझ्या जागी टेबलफॅन ठेवला तरी भागेल की गं!"

एका पानाची शेवटची ओळ फार सुंदर होती. तालमीत एकदा तिने ती सोडलीच नाही. शेवटपर्यंत वाजवली. पानापाशी हात पोचायला उशीर झाला. पुढचे सूर समोर नसल्याने सरही थबकले, खर्ज नाहीसा झाला आणि वरची व्हायोलिने अधांतरी डगमगली. सारा वृंद थांबला.

"हा कार्यक्रम झाला की मी वृंद सोडते, सर," तालमीनंतर ती म्हणाली. "इतकी वर्षं शिकले ती पानं उलटायला नाही."

"बरं," सर म्हणाले. "कार्यक्रमाला वेळेवर ये."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती मंचावर आली, तर सर आतल्या जागी बसलेले.

"सर, ही माझी जागा."

"आज माझी. तू बाहेर बस."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोक व्हायोलिनकडे बघतात. बस."

प्रत्येक पानाच्या अखेरीस सरांचा गज थांबे, पान अलगद उलटे आणि शाल्मलीचा सूर न तुटता पुढे जाई. ती सुंदर ओळ आली. सरांनी तीही सोडली.

वाद्ये गवसणीत घालताना तिने विचारले, "ती ओळ का सोडलीत? तुमच्यासारखी कुणालाच येत नाही."

सर म्हणाले, "तुझ्याआधी माझ्या शेजारी रेमंड बसायचा. ती ओळ मी वाजवायचो, दाद मला मिळायची. मागच्या वर्षी तो गेला. मग एकदा घरी एकटाच हे वाजवायला बसलो. पान संपलं आणि मला थांबावं लागलं. तेव्हा कळलं, माझा सूर कधी तुटला नाही, कारण दर वेळी त्याने आपला तोडला होता. हे त्याला सांगायचं राहून गेलं. तो थांबायचा तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, ते आज ऐकायचं होतं. आता तुला जायचं तर जा."

पुढच्या तालमीला सर आले, तेव्हा बाहेरची जागा रिकामी होती. शाल्मली आत बसून पानांचे कोपरे हलकेच दुमडून ठेवत होती. उलटताना बोटाला चटकन सापडावेत म्हणून. सर बाहेरच्या जागी बसले. ती ओळ आली, तिने गज उचलून घेतला आणि प्रथमच ती मन लावून पूर्ण ऐकली.

आपला सूर अखंड चालला असेल, तर शेजारी कोण थांबले आहे, ते माणूस शेजारी असतानाच पाहून घ्यावे.