सव्वीस मेची साक्ष

"चाचा, वहीतली एक ओळ बदलाल का?"

हेरंब भाटकरनं हे उभ्यानंच विचारलं. पुण्याहून सहा तास गाडी चालवून तो खारवली बंदरात आला होता आणि घरी न जाता थेट धक्क्यावर गेला होता.

गनीचाचा तांडेल दगडी बाकावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी मचवे हाकले. ताऱ्यांवरून दिशा कशी धरायची, ते समुद्रावर शिकले. हेरंब दहा वर्षांचा असताना त्यालाही त्यांनीच शिकवलं. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. तरी सूर्य बुडायच्या सुमाराला ते रोज इथे येत. पश्चिमेला काय दिसतंय, ते धक्क्यावर भेटेल त्याला विचारत. मग वहीच्या पानावर रबरबँड आडवा ताणून, त्याच्या कडेकडेनं चाचपत लिहीत.

"कुठली ओळ?"

"सव्वीस मेची."

चाचांनी शेजारची पिशवी जवळ ओढली.

त्या दिवशी शुक्र, गुरू आणि बुध एकमेकांच्या अगदी जवळ येणार होते. हात लांब करून दोन बोटं धरली, तर तिघंही त्यांच्याआड लपतील, इतके जवळ. हेरंबनं काढलेला त्यांचा फोटो देशभर गाजला. मोठ्या स्पर्धेत पहिला आला. खाली छापलं होतं: खारवली बंदर, २६ मे, सायंकाळी सात पस्तीस.

मग कुणीतरी स्पर्धावाल्यांना पत्र लिहिलं, की त्या संध्याकाळी सबंध किनाऱ्यावर ढग होते. त्यांनी हेरंबला विचारलं, तुमच्या बाजूनं साक्ष देणारं कुणी आहे का?

आभाळाच्या बाबतीत खारवलीत एकच साक्ष चाले.

एका रमजानात एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. चांद दिसला तर सकाळी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. चाचांचे डोळे तेव्हा शाबूत होते. दोघंतिघं म्हणत होते, दिसला, चांद दिसला. मौलवींनी चाचांकडे पाहिलं. चाचांच्या थोरल्या मुलाची सुट्टी संपत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्याला मुंबईला जाऊन जहाज गाठायचं होतं. चाचा बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला नाही दिसला."

थोरला ईद न करताच गेला.

हे हेरंबला माहीत होतं. तरीही तो आला होता.

"फोटो खोटा नाही चाचा," तो म्हणाला. "चोवीसला आभाळ साफ होतं, अठ्ठावीसलाही. तेव्हाचे फोटो माझ्याकडे आहेत. सव्वीसला कोण कुठे असणार, त्याचं गणित केलं आणि तिघांना तिथे ठेवलं. केसाचाही फरक नाही."

"नसेल."

"ते तिथेच होते चाचा. ढगाच्या मागे."

"होतेच."

"मग?"

"आभाळात कोण कुठे असतं, ते मला घरबसल्या ठाऊक असतं, हेरंबा. वहीत मी दिसलेलं लिहितो."

हेरंब बाकावर टेकला. खाली दोन होड्या ओहोटीच्या चिखलात कलंडल्या होत्या.

"माझं नाव जाईल, चाचा. बारा वर्षांची मेहनत आहे."

"ती ओळ कुणाची आहे, वाचलंस का तू?"

"तुमचीच ना?"

चाचांनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली.

हेरंबनं पानं उलटली. अक्षरं एकमेकांवर चढलेली होती. काही ओळी रबरावरून घसरून खाली उतरल्या होत्या. सव्वीस मे सापडायला वेळ लागला.

"मोठ्यानं वाच."

"२६ मे. दाट ढग. तिघांपैकी एकही दिसला नाही..."

"पुढे?"

हेरंबनं वही डोळ्यांजवळ नेली.

"पुढे वाच."

"सांगणारा, हेरंब भाटकर."

मग त्याला ती संध्याकाळ आठवली. आठपर्यंत तो याच धक्क्यावर कॅमेरा लावून उभा होता. ढग हलले नाहीत. शेजारी बसलेल्या चाचांनी विचारलं होतं, दिसले का रे? आणि तो म्हणाला होता, नाही चाचा, एकसुद्धा नाही. कॅमेरा उतरवून तो बाकावर टेकला होता. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

पुण्याला पोहोचेपर्यंत ते सगळं त्याच्या मनातून गेलं होतं.

चाचांनी खिशातून पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"साक्ष तुझी आहे. खोडायची तर तूच खोड."

हेरंबनं पेन धरलं. टोक कागदावर टेकलं...

सूर्य पाण्यात गेला. हेरंबनं पेनला टोपण लावलं, वही मिटली आणि चाचांच्या मांडीवर ठेवली.

"येतो, चाचा."

"ये."

आठवड्याभरात त्यानं स्पर्धावाल्यांना सगळं कळवलं. बक्षीस परत केलं. जिथे जिथे फोटो छापला होता, तिथे तिथे स्वतः पत्र पाठवलं. लोक बोलायचं ते बोललेच. ओळखीच्यांनी फोन उचलणं सोडलं. तो कुणाशी वाद घालत बसला नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा खारवलीला आला. या वेळी त्यानं कॅमेरा आणला नव्हता. धक्क्यावर चाचा एकटेच होते. त्यानं वाकून नमस्कार केला. चाचांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"वाळलास रे."

"तुम्हाला कळलं सगळं?"

"कळलं. चांगलं केलंस."

चाचांनी थर्मासमधला चहा टोपणात ओतून त्याला दिला. आपल्यासाठी थोडा ठेवला. दोघं प्यायले. हळूहळू उजेड उतरला. पाण्याच्या वर, हातभर उंचीवर, शुक्र उमटला. त्याच्या डाव्या अंगाला चंद्राची बारीक कोर होती. दोघांमध्ये एका बोटाचं अंतर. आभाळात कुठे ढगाचा कापूससुद्धा नव्हता.

हेरंबला राहवलं नाही.

"चाचा, शुक्र दिसतोय. आणि चंद्र. अगदी शेजारी शेजारी. लिहा."

चाचांनी वही उघडली. पानावर रबर ताणला. पेनचं टोपण काढलं.

मग त्यांचा हात तसाच थांबला...

"लिहा ना, चाचा."

चाचांनी चेहरा त्याच्याकडे वळवला. पेनला टोपण परत लावलं. आवाज मात्र नेहमीसारखाच मऊ होता.

"थांब, बाळा. सांगायला अजून कुणी येऊ दे."