वरच्या वाडीची भरभराट

एका व्यापाऱ्याच्या मनात एकदा एक सद्विचार आला. तसे ते व्यापाऱ्यांच्या मनात येतात, टिकत मात्र नाहीत, हा टिकला. डोंगरातल्या दोन वाड्यांपैकी जी अधिक दरिद्री असेल तिला नाचणीच्या बियाण्याची गाडी द्यायची, असं त्याने ठरवलं. गाडी एकच होती आणि पेरणी आठ दिवसांवर आली होती. ज्यांच्या घरात बियाणं नसेल ती माणसं दारं लावून खाणीवर दगड फोडायला जाणार, हे सर्वांना ठाऊक होतं. निवड करण्याचं काम व्यापाऱ्याने एका वृद्ध गुरुजींवर सोपवलं.

गुरुजींनी आपल्या लाडक्या शिष्याला पाहणीसाठी पाठवलं. शिष्य मोठ्या घरचा, बुद्धीने तल्लख, आणि अक्षर तर असं की वही पाहतच राहावी. दोन दिवस वाड्या हिंडून तो परतला आणि त्याने वही वाचून दाखवली.

"खालच्या वाडीत विचारलं, नाचणी आहे का? म्हणाले, आहे थोडी. वरच्या वाडीत ठमाबाई नावाच्या आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, नाचणी वाढली. तेल वाढलं. मीठसुद्धा वाढलं! घरोघरी हेच उत्तर. गुरुजी, वरच्या वाडीची भरभराट आहे. गाडी खाली जाऊ दे."

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीवानाला सांगितलं, "वरच्या वाडीला चल."

व्यापारी गोंधळला. शिष्य तर दुखावलाच. दोन दिवसांची पायपीट वाया गेली म्हणून तो चढणीवर गाडीमागून गाल फुगवून चालू लागला. गुरुजींना त्याचा तो राग पाहून हसू आलं आणि मायाही दाटून आली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, हातातली बांगडी फुटली तर तुझी आई काय म्हणते?"

"बांगडी वाढली म्हणते. फुटली म्हणणं अशुभ."

"मग रिकाम्या डब्याला या बायका काय म्हणतील?"

शिष्य जागीच थांबला.

"संपलं असं त्या तोंडातून काढत नाहीत," गुरुजी म्हणाले. "आपणच नाही म्हटलं, तर पुन्हा येणार कुठून, असं त्यांना वाटतं. त्या खोटं बोलल्या नाहीत आणि तूही खोटं लिहिलं नाहीस. तुझ्या घरी धान्य कधी संपलंच नाही, मग हा शब्द तुझ्या कानावर पडणार कुठून? दारिद्र्य मोजायला जाणाऱ्याने आधी त्या घरची भाषा शिकावी. ती उभ्या उभ्या येत नाही रे, त्यासाठी खाली बसावं लागतं."

वाडीत पोचल्यावर गाडीवान पोती उतरवू लागला. ठमाबाई लगबगीने बाहेर आल्या. त्यांनी पोत्यांकडे नीट पाहिलंही नाही, आधी शिष्याला म्हणाल्या, "आलास व्हय परत? उन्हात किती हिंडशील लेकरा, पाणी पी."

शिष्याने वही गाडीतच ठेवली होती. तो त्यांच्या ओट्यावर, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. पाणी प्यायला. मग हळूच विचारलं, "आजी, चूल कधी पेटली होती?"

ठमाबाई त्याच्याजवळ टेकल्या. पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपत, शेजारणींना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या, "परवा, बाळा."