वाघोबा फिक्के का निघाले

एका जंगलात वाघ राजा होता, आणि तरीही दर पाच वर्षांनी तिथे निवडणूक होई. कशाला, ते विचारायची पद्धत नव्हती.

मतदान सोपं होतं. प्राण्यांना वाचता येत नसे, म्हणून झाडाझाडावर उमेदवाराचं पोस्टर लागे. मग उमेदवार खडकावर उभे राहत, आणि पोस्टरवरचा चेहरा ज्याचा, त्याच्यापुढे प्रजा पळसाचं पान टाकी. समान संधी सगळ्यांनाच होती. फक्त प्रिंटर एकच, आणि तो सरकारी होता.

हा म्हातारा रंगीत लेसर प्रिंटर गोदाक्का घोरपडीच्या ताब्यात होता. आधी तो तिच्या काकांकडे होता. काकांनी एकदा महाराजांचा एक दात कमी छापला. तेव्हापासून काका दरबारातच असतात, दिमडीवर ताणून बसवलेले. दिमडी वाजली की गोदाक्काची पाठ शहारे.

यंदा प्रिंटरने घात केला. वाघोबा निघाले ते फिक्के फटक! पिवळाजर्द रंग गेला कुठल्या कुठे, उरले मळकट अंगावर काळे पट्टे.

"अगं बाई, हा तर तरस!" गोदाक्का बोलून गेली आणि तिने जीभ चावली. यंदा वाघोबांच्या विरोधात तरसच उभा होता.

प्रधान कोल्होबा धावत आले. "गोदाक्का, महाराज आजारी का दिसतात?"

"यंत्राचं वय झालंय, प्रधानजी."

"वय? या राज्यात कुणाचंही वय होत नाही!"

मग उपाय सुरू झाले. बगळ्याने यंत्राला हळदकुंकू वाहून लिंबू-मिरची बांधली. कागद उन्हात वाळवले. शेवटी कोल्होबांनी स्वतः टोनरची डबी उपसून खदाखदा हलवली, आणि त्यांचं तोंड काळं झालं. कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

खरं दुखणं गोदाक्काला ठाऊक होतं. प्रिंटरवर 'टोनर बचत' नावाचं बटण दाबलेलं होतं. काटकसरीचं वर्ष जाहीर करताना, मेजवानी आटोपल्यावर, वाघोबांनीच ते आपल्या पंजाने दाबलं होतं. ते बंद करायचं म्हणजे महाराज चुकले म्हणायचं. तिने नखी पुढे नेली. तेवढ्यात दरबारात दिमडी घुमली, आणि नखी मुकाट्याने मागे आली.

"असंच छापू?"

"छाप मेले! आणि खाली आम्हा मंत्र्यांचे चेहरे टाक. जरा मोठे."

पोस्टरं लागली. वाघोबांची सभाही दणक्यात झाली. "बंधू-भगिनींनो! माझ्या राज्यात एकही हरीण म्हातारपणाने मेलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हरणं पुढेच बसली होती. कोल्होबांनी घोषणा दिली, "पट्टे बघा, मत द्या!"

प्रजेने पट्टे बघितले. मतदानाला आलेली एक ससीण पोस्टरकडे बघे, खडकाकडे बघे.

"हा पिवळा कोण गं नवा?"

"असेल कुणी अपक्ष," तिची जाऊ म्हणाली.

तरसापुढे पानांचा ढीग लागला. तरस हसला. तसा तो नेहमीच हसतो.

"गोदाक्काऽऽ!" वाघोबांची डरकाळी आली, आणि ती बिचारी फटीत शिरून भिंतीला घट्ट चिकटली. आता आपण काकांच्या शेजारी, दुसऱ्या दिमडीवर, अशी तिची खात्रीच झाली. संध्याकाळी तिला ओढून काढलं ते नव्या राजाच्या शिपायांनी.

"अक्का," तरस म्हणाला, "जिवावर उदार होऊन आमचं पोस्टर छापलंत! केवढी दूरदृष्टी!"

खरं सांगायला गोदाक्काची जीभ बाहेर आली, आणि तशीच आत गेली. "आपलीच कृपा, महाराज."

खुर्ची वाचली, कातडीही वाचली. विजयाच्या मिरवणुकीत काका कडाडून वाजत होते, आणि सगळ्यांत पुढे काळ्या तोंडाने कोल्होबा नाचत होते.

दुसऱ्या दिवशी जुनी पोस्टरं उतरवायचा हुकूम निघाला आणि लगेच मागे घेतला गेला. वरचा चेहरा नव्या राजाचाच होता, आणि खालच्या मंत्र्यांपैकी एकही बदललेला नव्हता.