न फोडलेले आठ अंक

भाऊसाहेब खर्डेकर वाचनालयात यायचे ते वाचायला नव्हे, देणगीदारांच्या फलकावर आपलं नाव बघायला. इतिहासाचं एक जाडजूड त्रैमासिक त्यांनी वाचनालयासाठी लावलं होतं. अंक टपालानं आधी त्यांच्या बंगल्यावर यायचा, मग ड्रायव्हर तो वाचनालयात टाकून जायचा. कुणी मागायचं नाही, म्हणून ग्रंथपाल रेवतीनं दोन वर्षांचे आठ अंक वेष्टनासकट कपाटात कोंबले होते. चूक तिचीच होती.

नेमके तेच भाऊसाहेबांच्या हाती लागले. तिला कामावर ठेवायचं की नाही, हे ठरवायला कार्यकारिणी बसली होती, तिथेच त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला.

"बघा. साधं वेष्टन फोडलं नाही या बाईनं. कशाला ठेवायची हिला?"

बाकीचे म्हातारे सवयीनं माना डोलवायला लागले. घरात कमावणारी रेवती एकटीच होती.

"भाऊसाहेब," ती चाचरत म्हणाली, "अंक तुम्ही स्वतः वाचून मगच पाठवता ना?"

"म्हणजे काय? पानन् पान वाचतो. न वाचता दान करणाऱ्यांतला मी नव्हे."

"मग हे आठ चुकून आले असतील. टपालाचं वेष्टन तसंच आहे, वर नावही तुमचंच आहे. तुमचं वाचून व्हायच्या आधी मी कसं फोडणार?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. भाऊसाहेब वेष्टनावरचं स्वतःचं नाव बघत राहिले. त्या आठ अंकांतलं त्यांनी वाचलेलं तेवढंच.

अध्यक्षांनी रेवतीला कामावर ठेवण्याच्या कागदावर सही केली आणि विचारलं, "भाऊसाहेब, घरी न्यायला पिशवी देऊ का?"