बुरशीला वाट कोणी दिली

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे विश्वंभर नावाचा शिष्य शिकत होता. त्याच्या हातांत कौशल्य होते आणि औषधांवर त्याचा अपार विश्वास होता. एके दिवशी सगुणाबाई नावाच्या विणकर बाई आल्या. जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर साचलेले. पुसले की खाली लालबुंद. घास गिळताना डोळ्यांत पाणी येई.

विश्वंभरने बुरशीवरचे औषध दिले. थर गेले, पण काही दिवसांनी परत आले. पुन्हा औषध, पुन्हा तेच. आता बाई इतक्या खंगल्या होत्या की भिंतीला धरूनच आत आल्या.

“गुरुजी, मात्रा वाढवू का?” त्याने विचारले.

वैद्यांनी जीभ नीट पाहिली आणि विचारले, “बाई, काल काय जेवलात?”

“ह्यांना पेज भरवली. उरली ती मी प्यायले.”

“आणि झोप?”

“ह्यांचं अंग लुळं पडल्यापासून सारखी कूस बदलावी लागते. डोळा लागतो कुठे?”

वैद्य शिष्याकडे वळले. “औषध आहे तेच चालू ठेव. आजपासून यांच्या यजमानांची शुश्रूषा तू कर. आपल्या घरचं दूध, वरण, भाजी घेऊन जा. बाईंना झोपू दे.”

औषध देणाऱ्याला शुश्रूषेला धाडले म्हणून विश्वंभर मनातून दुखावला, पण गेला. तो पोचताच सगुणाबाई बसल्या जागी झोपी गेल्या. त्या धिप्पाड माणसाला एकदा कुशीवर वळवताना त्याची कंबर भरून आली. हे सारे ही कृश बाई एकटी करत होती! त्याची मान आदराने लवली.

हळूहळू बाईंच्या अंगी त्राण आले. थर गेले, ते पुन्हा आले नाहीत.

“गुरुजी, औषध तर तेच होतं,” तो म्हणाला.

“ती बुरशी तुझ्या तोंडात आहे, माझ्याही आहे,” वैद्य शांतपणे म्हणाले. “शरीर तिला रोज आवरून धरतं, आपल्याला पत्ताही लागू न देता. उपासमार, जागरण, मोठं दुखणं यांनी ते बळ खचलं की ती माजते. औषधानं माजलेली बुरशी हटते. तिला पुन्हा आवरायचं काम शरीराचंच. बाईंनी आपलं सगळं बळ दुसऱ्यासाठी वेचलं होतं. त्यांना थोडं परत मिळायला हवं होतं.”

सगुणाबाई आता बऱ्या झाल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न सांगता, विश्वंभर त्यांच्या घराकडे निघाला.