गोणीतलं सिमेंट

भंडाऱ्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात डॉ. लांजेवार हे विभागप्रमुख होते. प्रयोगशाळेत त्यांचं पाऊल कधी पडत नसे, पण तिथून निघणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच.

ज्योत्स्ना हटवार ही त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. धानाच्या तुसाची राख घालून तिनं काँक्रीट केलं, ठोकळे पाडले, यंत्राखाली फोडून तपासले. निबंध तयार होताच सरांनी वर स्वतःचं एकट्याचं नाव घातलं आणि तिला खाली आभारांत ढकललं.

विद्यापीठाची समिती प्रयोगशाळा बघायला आली. ज्योत्स्नाच्या नोंदवह्या आणि निबंध चाळून अध्यक्षबाईंनी विचारलं, "काम हिचं, मग निबंधावर नाव कसं नाही?"

सर हसले. "मॅडम, वाळू-खडी काय, कुठंही मिळते. इथलं सिमेंट मी आहे! माझ्याशिवाय काही सांधतं का? विचारा हिलाच."

नाही म्हणावं तर पीएचडी लटकणार, हो म्हणावं तर निबंध गेला.

"सरांचं खरं आहे," ज्योत्स्ना अदबीनं म्हणाली. "सर सिमेंटच आहेत. फक्त सिमेंटला वाळूत, पाण्यात उतरावं लागतं, मॅडम. नुसतं हवा खात बसलं की ते गोणीतच दगड होतं."

"मग त्याचं करता काय?"

तिनं दाराकडे बोट केलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला दगड झालेली एक जुनी गोणी लावलेली होती.

समितीनं नाव बदलायला लावलं आणि निबंध छापून आला तो ज्योत्स्नाच्या नावानं. खाली आभारांत एकच ओळ होती: 'प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवल्याबद्दल डॉ. लांजेवार यांचे आभार.'