तीन पागोटी आणि दोन कान

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की मोजायला बसाल तर केस पिकतील, आणि ज्यांचे आधीच पिकलेत त्यांनी तर बसूच नये.

एका राज्यात तीन पागोटी होती. तशी पागोटी घरोघर होती, पण ही तीन राज्याची. पांढरं पागोटं सभेच्या म्होरक्याचं. गावोगावची माणसं सभेत जमायची, पोटभर भांडायची आणि मग कायदा करायची. लाल पागोटं प्रधानाचं. झालेला कायदा चालवायचा, रस्त्यांची कचेरी, तळ्याची कचेरी, कोठाराची कचेरी, सगळ्यांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. निळं पागोटं न्यायाधीशाचं. कोण चुकलं ते तो सांगायचा, चुकणारा प्रधान असला तरी. आणि या सगळ्यांच्या वर राजा. त्याला एक छोटासा मुकुट होता, आणि काम बेताचंच.

ही तिन्ही पागोटी रोज सकाळी बांधून द्यायची एक बाई. चाळिशी ओलांडलेली, अंगाने गोल, जिभेने गोड. राजाच्या बारशाला त्याच्या कुंचीचे बंदही तिनेच बांधले होते, म्हणून राजासकट सगळे तिला आत्या म्हणायचे. "माझ्या हातांना पीळ कळतो," ती म्हणायची, "डोक्याला कळत नाही. म्हणून तर मी दुसऱ्यांची डोकी बांधते."

राजा तरुण होता. गादीवर नवा होता. त्याला वाटलं, हे काय? एक म्हणतो करू या, दुसरा म्हणतो थांबा, तिसरा म्हणतो बघू. तीन पागोटी, तीन तोंडं! त्याने तिघांना घरी बसवलं. म्होरक्या नातवंडं खेळवायला लागला, न्यायाधीश माशा मारायला लागला, प्रधानाने परसात वांगी लावली. मुकुट खुंटीला गेला आणि तिन्ही पागोटी आली राजाच्या डोक्यावर. एकेक, पाळीपाळीने. सकाळी पांढरं घालून तो कायदा करायचा. मग लाल घालून हुकूम सोडायचा. मग निळं घालून न्याय द्यायचा. हुकमाशिवाय कुणी फावड्यालाही हात लावायचा नाही, असा एक कायदा त्याने पहिल्याच दिवशी करून टाकला.

आत्याचे हात भरून यायचे. पण राजा खूश होता. वाद नाही, थांबणं नाही, सगळं कसं झटपट!

फक्त एक अडचण होती. दुपारी जेवून राजा जरा आडवा झाला, की थोड्याच वेळात कुठूनतरी भयंकर आवाज यायचा. खर्रर्र... घुर्रर्र! राजा दचकून उठायचा. "कोण आहे रे तो?"

कोण आहे ते आत्याला ठाऊक होतं. ती रोज त्याच्या पायथ्याशी कापडाच्या घड्या घालत बसलेली असायची. तो आवाज राजाच्याच नाकातून यायचा. पण राजाच्या नाकाची तक्रार करायची कुणाकडे? राजाकडे. पकडणार कोण? राजा. आणि न्याय कोण देणार? आत्या मुकाट्याने घड्या घालायची.

राजाने पांढरं पागोटं घालून कायदा केला. जो कुणी दुपारी राजाची झोप मोडेल, त्याने सीमेपार जावं! मग लाल घालून त्याने पिंजाऱ्याला धरून आणलं, कारण कापूस पिंजताना त्याची धनुकली टंव टंव वाजते. निळं घालून त्याला दोषी ठरवलं. पिंजारी सीमेपार गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खर्रर्र! मग पाढे म्हणवून घेणारे पंतोजी गेले. पोरांनी आनंदाने उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा घुर्रर्र! मग राजाने तांबटाला धरलं. तो तांब्याची भांडी ठाक ठाक ठोकायचा.

हा तांबट आत्याचा नवरा होता.

"अहो, पण तुम्ही तर त्या वेळी झोपला होतात!" आत्या त्याची वळकटी बांधता बांधता म्हणाली.

"तेच सांगितलं की. पण सांगणार कुणाला? पकडणारा तोच, ऐकणारा तोच." तांबटाने हातोडी काखोटीला मारली. "बरं, तू रोज म्हणायचीस ना, ठोकणं थांबवा, डोकं उठतं? घे, थांबलं."

गावाची सीमा म्हणजे तळ्याचा मोठा बांध. बांधाच्या पलीकडच्या टोकाला, उताराच्या अंगाला अगदी पायथ्याशी, तांबटाने झोपडं घातलं. इकडे आत्याचं घर इतकं गप्प झालं, की तिला गिळलेला घास ऐकू यायला लागला. दुसऱ्याच सकाळी तिने पदर खोचला आणि राजापुढे उभी राहिली.

"महाराज, माझ्या नवऱ्याला परत आणा."

राजाच्या डोक्यावर लाल पागोटं होतं. "आत्याबाई, मी फक्त कायदा चालवतो. न्यायाधीशाला सांग."

"बरं. न्यायाधीश कुठे आहेत?"

"बांध की!"

आत्याने लाल सोडलं, निळं बांधलं. राजाने घसा खाकरला. "कायदा स्पष्ट आहे. मी तो बदलू शकत नाही. ज्यांनी केला त्यांच्याकडे जा."

आत्याने निळं सोडलं, पांढरं बांधलं. राजा म्हणाला, "कायदा उत्तम आहे. नीट चालत नसेल, तर चालवणाऱ्याला विचारायला हवं."

आत्याने पुन्हा लाल हातात घेतलं. तिचे दंड भरून आले होते. "बाळराजे, ज्या दारातून निघाले, फिरून त्याच दारात आले की मी!"

राजालाही कंटाळा आला होता. "एवढं सोडा-बांध कशाला? तिन्ही एकदमच बांध. एकावर एक. कटकटच नको!"

आत्याने बांधलं. पांढऱ्यावर लाल, लालवर निळं. राजाचं डोकं गवताच्या गंजीसारखं दिसायला लागलं. भुवया झाकल्या, आणि भुवयांबरोबर कानही.

"आता सांग," राजा म्हणाला.

आत्याने सगळं पुन्हा सांगितलं. राजा प्रेमाने हसला. "छान, छान. चालू दे."

त्या दुपारी राजा तिन्ही पागोट्यांसकट आडवा झाला आणि असा घोरला, की खिडक्यांची दारं हलली. उठला तो ताजातवाना. "पाहिलंस? तांबटाला घालवला आणि आवाज बंद! माझा कायदा लागू पडला." त्या दिवसापासून त्याने पागोटी उतरवलीच नाहीत. आत्याने कपाळावर हात मारला. चांगलं करायला गेले, ती मनात म्हणाली, आणि नवऱ्याच्या झोपडीला आपल्याच हाताने कुलूप लावून आले.

मग एक दिवस तळ्याच्या कचेरीतला कारकून धापा टाकत आला. "महाराज, तळ्याचा बांध फुटतोय!"

राजा नुकताच जेवून उठला होता. "मळ्याचा कांदा कुटतोय? कुटू दे. ठेच्यात घाला."

"हुकूम द्या महाराज, हुकूम!"

"कुंकू? ते राणीच्या महालात विचार." असं म्हणून राजा आडवा झाला आणि घोरायला लागला.

कारकून रडकुंडीला आला. हुकमाशिवाय फावडं उचलावं तर सीमेपार, आणि न उचलावं तर सीमाच इकडे येणार! तो आपली पोरंबाळं गोळा करायला पळाला. त्याच्यामागे सगळा दरबार पळाला. उरली एकटी आत्या.

तेवढ्यात तिला ऐकू आलं. लांबून, बांधाच्या बाजूने. ठाक ठाक ठाक! ठाक ठाक ठाक! तिचा नवरा तांब्याची परात बडवत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात ते ठोके तिला पाठ झाले होते. हे भांडं घडवायचे ठोके नव्हते. आणि बांध फुटला, तर पहिलं वाहून जाणार होतं ते पायथ्याचं झोपडं.

"महाराज, उठा!" ती पागोट्यांपाशी तोंड नेऊन ओरडली. कापडात बोलल्यासारखंच, कारण कापडच होतं ते. खर्रर्र.

मग आत्याने इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट केली. तिने पागोट्याचं टोक दातांत धरलं, सवयच होती तिला, आणि दोन्ही हातांनी ओढलं. राजा भोवऱ्यासारखा फिरला. निळं सुटलं. राजा पलंगावरून खाली आला, तरी घोरतच होता. लाल सुटलं. राजा गडगडत खांबाला लागला. पांढऱ्याचा शेवटचा पेच सुटला, कान मोकळे झाले, आणि एक दणदणीत घुर्रर्र सरळ त्याच्या कानांत शिरली.

"कोण आहे रे तो?" राजा ताडकन उठून बसला.

इकडे पाहिलं, कुणी नाही. तिकडे पाहिलं, कुणी नाही. समोर फक्त आत्या, तोंडात कापड घट्ट धरलेली.

"तू?"

"उं हूं." तोंड भरलेलं असताना माणूस घोरणार कसा?

"मग कोण?"

आत्याने बोट उचललं आणि राजाच्या नाकाकडे दाखवलं.

राजाने नाक चाचपून पाहिलं. घोरणं थांबलं होतं, आणि आता त्याला लांबची ठाक ठाक ऐकू आली. "हे काय वाजतंय?"

आत्याने तोंडातलं कापड काढलं. "माझा नवरा. बांध फुटतोय म्हणून केव्हाचा सांगतोय."

राजा घाबरून उठला. पायांत सगळं कापड अडकलेलं. "आत्या, लाल बांध! बांध, बांध!"

"कुठला बांधू, महाराज? डोक्यावरचा की तळ्याचा?"

राजाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग लाल पागोटं काखेत मारून तो बोडक्या डोक्याने धावत सुटला, तो थेट प्रधानाच्या परसात. वांग्यांना पाणी घालणाऱ्या प्रधानाच्या डोक्यावर त्याने ते कसंतरी गुंडाळलं आणि म्हणाला, "तुमचं काम तुम्ही करा!" प्रधानाने झारी टाकली आणि हाळी दिली. घराघरांतून फावडी निघाली. संध्याकाळपर्यंत बांधाचं भगदाड बुजलं. मातीची पाटी वाहणाऱ्यांत राजाही होता, आणि त्याच्या हातात पाटी देत होता तो तांबट.

दुसऱ्या दिवशी निळं पागोटं न्यायाधीशाकडे गेलं. आत्याने पहिलीच तक्रार घातली. झोप मोडणारा सापडला आहे, असं तिने सांगितलं.

"कायदा कुणाचा?" न्यायाधीशाने विचारलं.

"माझा," राजा म्हणाला.

"झोप कुणाची?"

"माझी."

"मोडली कुणी?"

राजाने नाक चोळलं. "मीच."

"सीमेपार."

"अहो, पण तो कायदाच वेडा आहे! बदला ना!"

"ते माझं काम नाही. माझ्या पागोट्याचा रंग बघा."

प्रधानाने अदबीने राजाचा कोपर धरला. "चला महाराज. हळू, पायरी आहे."

मग पांढरं पागोटं म्होरक्याकडे गेलं आणि त्याने सभा बोलावली. गावोगावचे सभासद बैलगाड्या जुंपून निघाले. सभा म्हटली की वेळ लागायचाच. पुढे कुणी बसायचं, इथूनच वाद. तोवर राजा बांधापलीकडे, तांबटाच्या झोपडीत पाहुणा.

अखेर एका सकाळी तांबट लालबुंद डोळ्यांनी न्यायाधीशाच्या दारात उभा राहिला. "साहेब, माझी शिक्षा वाढवा नाहीतर संपवा, पण त्या पाहुण्याला हलवा. इतक्या रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही!"

हे सभेच्या कानावर गेलं, आणि इतके दिवस भांडणारी सभा एकदमच हसली. कायदा त्याच बैठकीत रद्द झाला. राजा परत आला, पिंजारी परत आला, तांबट परत आला. पंतोजीही परत आले, आणि पोरांनी सुतक पाळल्यासारखी तोंडं केली.

राजाने खुंटीवरचा मुकुट पुसून डोक्यावर ठेवला. तो लहान होता, कानांच्या वरच राहायचा. आत्या पुन्हा सकाळी तीन डोक्यांना तीन पागोटी बांधून घरी यायची आणि ठोक्यांच्या गदारोळात ओरडायची, "अहो, जरा हळू ठोका की!" पण दार मात्र कधी लावून घ्यायची नाही.

म्हणून लक्षात ठेवा: सगळी पागोटी एकाच डोक्यावर चढली, की आधी कान झाकले जातात.